किलोच्या भावाचे कीबोर्ड

नागपूर,
२८ मे

प्रिय बंड्या,

भंगारातले जुने कीबोर्ड घेऊन, दुरुस्त करून मी विकतो, त्यावरून परवा फोनवर तू हसत हसत म्हणालास, "अबे, तू तर भंगारवाल्यांना लुटून राहिला." मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. मला तोंडातोंडी उत्तर सुचत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, कूलरची टाकी दुपारपर्यंत दोनदा भरावी लागते आणि दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. लिहायला वेळच वेळ आहे.

आधी चाचांचं सांगतो, कारण तुझ्या मते लुटले जातायत ते तेच. इतवारीकडचे कबाडी. त्यांच्याकडे कीबोर्ड आला की पहिलं काम म्हणजे कटरने वायर कापायची. तांब्याचा भाव वेगळा, प्लास्टिकचा वेगळा. मग हातोडी. आतून लोखंडी पत्रा निघाला तर तो तिसऱ्या ढिगात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका जुन्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डची वायर कचकन कापली. मी ओरडलो. ते म्हणाले, "क्या हुआ भाऊ, करंट लगा क्या?" त्या दिवसापासून आमचा करार: वायर न कापता, हातोडी न मारता ठेवला तर नगाला १२० रुपये. मोडून विकला तर त्यांना वीस-पंचवीस सुटायचे. आता त्यांचा फोन येतो, "वो टकटकवाला आया है, ले जाओ." मागच्या दिवाळीत नातवाने त्यांना मोबाइलवर भाव शोधून दाखवला, तेव्हापासून १२० चे २५० झाले. चाचांना लुटायचं तर माझ्यासारखे सात जण लागतील.

आता हा टकटकवाला म्हणजे काय ते ऐक. तुझ्या ऑफिसात बटणांखाली रबराची चादर असते, तिला दाबायचं आणि ती दबते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, त्यात स्वतःची स्प्रिंग. जुन्या गोल्डमध्ये चेरी कंपनीचे निळे स्विच असायचे. बटण जेमतेम ४ मिलिमीटर खाली जातं, पण अर्ध्या वाटेवरच 'टक' वाजतं आणि अक्षर उमटलं हे बोटाला कळतं. म्हणून टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मशीनवर हात बसवून आलेले लोक, कोर्टातले, बँकेतले, तहसिलीतले, गोल्ड सोडायला तयार नसायचे. रबरावर त्यांची बोटं बुडाल्यासारखी व्हायची.

मग ऑफिसात निर्लेखन, म्हणजे जुनं सामान मोडीत काढणं, निघतं, जडवस्तू नोंदवहीतून सामान कमी होतं, लिलावात ढीगच्या ढीग जातो आणि फिरत फिरत चाचांकडे येतो. साठाच्या ढिगात कामाचे आठ-नऊ. बाहेरून सगळे सारखेच मळके. ओळखायची माझी पद्धत: आधी पिन बघायची. मोठी गोल पाच काट्यांची असेल तर माल जुना. छोटी गोल जांभळी असेल तर बहुधा १९९९ नंतरचा, कारण कीबोर्डाला जांभळा आणि माउसला हिरवा हे रंग त्या सुमाराला ठरले. बटणावर ₹ असेल तर नक्कीच जुलै २०१० नंतरचा, त्याआधी ते चिन्हच नव्हतं. मग एक बटण उपटायचं. खाली अधिकच्या चिन्हासारखा निळा खुंट दिसला आणि स्विचवर चेरीचं नाव असलं, तर खिशात हात घालायचा. नंतरच्या काही गोल्डमध्ये दुसऱ्या कंपनीचे स्विच आले, त्यामुळे उपटल्याशिवाय भरवसा नाही.

आणि बंड्या, आतून काय निघतं विचार. खर्रा. आपल्या शहराची सहीच म्हण ना. सुपारीचे कण, चुन्याची पापडी, तंबाखूची काडी आणि त्यात मेलेल्या झुरळाची एखादी तंगडी. १०४ बटणं वाकवलेल्या तारेने एकेक उपटायची, साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवायची, सकाळी चाळणीत गच्चीवर. पत्र्यावरची घाण ब्रशने. मग एकेक स्विच तपासायचा. चार-पाच मेलेले असतातच. त्यांचे दोन पाय सोल्डरमधून सोडवायचे, कापलेल्या वायरच्या एखाद्या कीबोर्डातून चांगला काढून बसवायचा. एका नगाला दोन संध्याकाळी जातात. तो ३,००० ला गेला की तू म्हणतोस १२० चे ३,०००. मधल्या दोन संध्याकाळी तू कुठे मोजल्यास?

या धंद्यातलं खरं सोनं आपल्याकडे मिळतच नाही म्हण. जगभर लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो आयबीएमचा मॉडेल एम, १९८५ च्या सुमाराला आलेला, वजन दोन किलोच्या वर. त्यात स्विचच नाही. प्रत्येक बटणाखाली एक लांब स्प्रिंग, दाबली की एका क्षणी ती कमरेत वाकते आणि खालची जीभ आपटते. आवाज असा की घरातलं कुणी रात्री झोपत नाही. पण आयबीएम १९७८ मध्ये आपल्या देशातून गेली आणि थेट १९९२ मध्ये टाटांच्या सोबतीने परत आली. म्हणजे ज्या वर्षांत हे कीबोर्ड तिकडे ऑफिसाऑफिसात होते, त्यातल्या बऱ्याच वर्षांत कंपनीच इथे नव्हती. चाचांकडे मॉडेल एम शोधणं म्हणजे फुटाळा तलावात देवमासा शोधणं.

माझ्याकडे एक आहे. बायकोच्या मामेभावाने अमेरिकेतून बॅगेत घालून आणला, शर्टांच्या जागी. त्याच्या आतला पत्रा प्लास्टिकच्या रिबिटांनी धरलेला असतो आणि वय झालं की त्यांची डोकी तुटतात. माझ्यात अर्ध्याहून जास्त तुटलेली होती, हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. सगळी तासून काढली, छिद्रं पाडली, घड्याळवाल्याकडून २ मिलिमीटरचे स्क्रू आणले आणि रविवारभर बसून आवळले. संध्याकाळी बघतो तर 'ए' वाजेना. एकच स्प्रिंग तिरकी बसली होती. पुन्हा सगळे स्क्रू खोल. बायको येऊन शांतपणे म्हणाली, "एवढ्या वेळात भिंतीला रंग झाला असता." तो विकणार नाही. हे पत्र आधी त्याच्यावरच लिहायला घेतलं होतं, पण तुला कागदावरच आवडतं.

गच्चीवरचा प्रकारही सांगतोच. जुनं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. ते पुन्हा पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन, एवढंच लागतं. ब्यूटी पार्लरवाले केस रंगवताना जी क्रीम वापरतात, १२ टक्क्यांची, ती फासायची, वर स्वयंपाकघरातलं चिकट प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. बंगळूरचे कीबोर्डवेडे लोक यासाठी दिवे विकत घेतात. मला नागपूरने फुकट दिलंय. पण मागच्या वर्षी याच दिवसांत कीबोर्डांचा एक खोका गच्चीत ठेवला, खाली आलो आणि जेवून झोपलो. उठलो तर साडेचार. क्रीम जिथे वाळली तिथे पांढरे पट्टे, जिथे प्लास्टिकला सुरकुती होती तिथे पिवळे. झेब्रा. शेजारच्या आजींनी त्या दिवशी गच्चीवरून विचारलं होतं, "कुरडया का रे?" त्या कुरडया अजून माळ्यावर पडल्यात, कोणी फुकट नेत नाही.

आता जे तुला फोनवर सांगितलं नाही ते.

इथल्या महाल भागात एक काकू आहेत. त्यांच्या यजमानांचा छापखाना होता. पुढे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं, आलं तेव्हा काकूंनी स्वतः अ‍ॅपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर शिकून घेतला, त्याआधी त्या मराठी टाइपरायटरवर होत्या. लग्नपत्रिका, सप्ताहाची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, सगळं त्यांच्या हातचं. छापखाना बंद झाला, यजमान गेले, मशीन माळ्यावर. त्यांच्या भाच्याचा लॅपटॉप दुरुस्त करायला मी घरी गेलो होतो. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "वर एक जुनं सामान आहे, नेतोस का? अडगळ झालीये."

अ‍ॅपलचा एक्स्टेंडेड कीबोर्ड टू. १९९० चा नमुना. बघताक्षणी ओळखला, कारण त्याच्या माथ्यावर उंची कमीजास्त करायची सरकपट्टी असते. सगळी बटणं जशीच्या तशी राखाडी, फक्त स्पेसबार हळदीसारखा पिवळा, कारण तेवढाच वेगळ्या प्लास्टिकचा. आत जपानी आल्प्स कंपनीचे स्विच. आणि बटणाबटणावर कागदाची चिठ्ठी, वर सेलोटेप, चिठ्ठीवर काळ्या शाईने काकूंचं अक्षर. के वर क, जे वर र, डी वर पाय मोडायचं चिन्ह. स्पेसबारवर उजव्या बाजूला अंगठ्याएवढा एक गुळगुळीत डाग, तिथे हात लावला की कळायचं.

मी किंमत ओळखून होतो. तोंडातून काय निघालं? "तीनशे देतो काकू, पार्ट कामात येतील." त्या म्हणाल्या, "पैसे कशाला?" मी बळेच दिले. म्हणजे वर उपकारही केले.

घरी आणला. त्याची पिन चार काट्यांची, जुन्या टीव्हीच्या एस-व्हिडिओच्या वायरसारखीच, त्यामुळे वायर सोपी मिळते. पण त्या कीबोर्डची भाषा आजच्या यूएसबीला कळत नाही, मध्ये एक छोटा बोर्ड बसवून त्यात प्रोग्रॅम टाकावा लागतो. सगळा खर्च ८०० रुपये. स्विचमध्ये धूळ गेली होती आणि आल्प्सला धूळ अजिबात चालत नाही, बटण खरखरत उतरतं. एकेक उघडून पुसला. शेवटी चिठ्ठ्या राहिल्या. घेणाऱ्याला कोरी बटणं हवी होती. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक सोलली. सेलोटेप इतकी जुनी की तपकिरी होऊन काचेसारखी तुटायची आणि क तेवढा टेपलाच चिकटून यायचा. सगळ्या चिठ्ठ्या मी एका वाटीत ठेवत गेलो आणि काम संपल्यावर वाटी कचऱ्यात उलटी केली. कीबोर्ड १४,००० ला बंगळूरला गेला.

चाचांशी मी घासाघीस करतो, कारण ते माझ्याशी करतात. काकूंशी मी काहीच केलं नाही. गप्प बसलो, बस.

दोन महिने गेले. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ३,००० पाकिटात घालून महालात गेलो. म्हटलं, काकू, ते सामान चांगलं निघालं, हे तुमचे. त्यांनी पाकीट उघडून माझ्यासमोर मोजले, अंगठ्याला थुंकी लावून, गल्ल्यावर बसल्यासारखे. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "कितीला गेलं?"

बंड्या, मी म्हणालो, "आठ हजाराला."

का म्हणालो माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

"आठचे अर्धे चार," काकू म्हणाल्या. "एक हजार अजून काढ." मी काढले. "ते तीनशे चहाचे झाले," असं म्हणून उठल्या आणि खरंच चहा टाकला. वर म्हणाल्या, "माझा धंदा होता रे, मला कळत नाही होय? तुझी मेहनत, माझा माल. अर्धे-अर्धे बरोबर आहे." मग लॅपटॉपवर टाइप करताना बोटाला काही लागतच नाही म्हणून तक्रार करत बसल्या. मी खाली बघून चहा प्यायलो.

त्यांच्याच हिशेबाने, खर्च वजा घातला तरी अजून २,६०० निघतात. पाकीट करून फ्रीजवर ठेवलंय. बायकोने कशाचे म्हणून विचारलं तर वीजबिलाचे सांगितलं, म्हणजे आता तिथेही एक झालं. तू फोनवर म्हणालास ते चाचांच्या बाबतीत चूक होतं एवढंच मला सांगायचं होतं. काकूंसाठी एक गोल्ड बाजूला काढून ठेवलाय, बटणांवर चिठ्ठ्या त्यांनाच लावू दे म्हणतो. पण पाकीट नुसतंच द्यायचं की सांगून द्यायचं, हे काही ठरत नाही. सांगायला लागलो तर दोन्ही सांगावं लागेल. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस ते लिही. फोनवर नको.

तुझा गोल्ड शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सने निघतोय, वाकडला उतरवून घे. गोणपाटात आहे, आत संत्रा बर्फी पण आहे, ती आधी काढ. पिन जांभळी आहे. तुझ्या कॉम्प्युटरला ते भोक नसेल तर कन्व्हर्टर पाकिटात घातलाय. भोक असेल तर कॉम्प्युटर बंद असताना लाव, चालू असताना लावू नको. डावीकडचा शिफ्ट थोडा जड आहे, त्याचा स्विच बदललेला आहे. चाचांना २५० दिलेत, दोन संध्याकाळी माझ्या, आणि मंगळवारी सोल्डरने चटका बसला तो वेगळा. भाव तूच कर.

वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

तुझाच,
दिल्या