सायकलच्या ब्रेकमध्ये चुकीचं ऑईल भरल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक : २ फेब्रुवारी २०२६

विषय : माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चुकीचं ऑईल भरल्यामुळे झालेलं नुकसान व दुखापत

महोदय,

२९ नोव्हेंबरला मी माझी सायकल तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शर्यतीआधीच्या संपूर्ण सर्व्हिसिंगसाठी दिली आणि २,४०० रुपये भरले. जॉब कार्डावर ‘पुढचा व मागचा ब्रेक ब्लीड केला’ अशी ओळ आहे. माझी तक्रार तेवढ्या एका ओळीबद्दल आहे. ब्लीड केला, म्हणजे जुनं ऑईल आणि हवा काढून नवं भरलं, हे खरं, पण आत जे भरलं ते त्या ब्रेकचं ऑईल नव्हतं.

माझ्या सायकलला शिमानो कंपनीचे हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारे ब्रेक आहेत. त्यांत मिनरल ऑईल लागतं आणि तसं ते लीव्हरच्या झाकणावरच लिहिलेलं आहे. तुमच्या माणसांनी त्यात डॉट ४ भरलं, म्हणजे मोटारसायकलच्या आणि गाडीच्या ब्रेकमध्ये घालतात ते. दोन्हींच्या ब्रेकमधली रबरी सीलं वेगळ्या रबराची असतात. मिनरल ऑईलसाठी बनवलेलं सील डॉटमध्ये राहिलं की फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी काम सोडतं. हे एका दिवसात होत नाही, म्हणून सायकल हातात मिळाली तेव्हा ब्रेक अगदी छान लागत होते आणि मी तुमच्या मेकॅनिकला धन्यवादही दिले होते.

आता शर्यतींबद्दल, कारण फोनवर तुमच्या प्रतिनिधींना यात काय एवढं बिघडलं ते कळत नव्हतं. आमच्याकडे माउंटन बाइकच्या शर्यती थंडीतच होतात. पावसाळ्यात टेकड्यांवर चिखल असतो, मार्चनंतर ऊन सोसवत नाही, म्हणून सगळं डिसेंबर-जानेवारीत कोंबलेलं. यंदाच्या मालिकेत चार फेऱ्या होत्या : ७ आणि २१ डिसेंबर, ११ आणि २५ जानेवारी. चारपैकी सर्वोत्तम तीन फेऱ्यांचे गुण धरतात. चाळिशीवरच्या महिलांच्या गटात आम्ही सातजणी. हसू नका, सातजणींतही चुरस असते. मी गेलं वर्षभर पहाटे साडेपाचला उठून वेताळ टेकडीवर सराव केला आहे. खाणीच्या बाजूने चढायचं, गिरिपुष्पाच्या झाडीतून उतरायचं, आणि आठ वाजता घरी येऊन डबे भरायचे.

पहिल्या फेरीत मी तिसरी आले. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या लॅपपासूनच चढावर पाय भरून यायला लागले. मला वाटलं, वय झालं. पाचवी आले. घरी येऊन पुढचं चाक उचलून फिरवलं तर एका फेऱ्यात थांबलं. ब्रेकचे पॅड रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला, चिकटून राहत होते. म्हणजे तासभर मी ब्रेक लावूनच चढ चढत होते.

२३ डिसेंबरला सायकल पुन्हा तुमच्याकडे आणली. काउंटरवरच्या गृहस्थांनी चाक न फिरवताच निदान केलं : “मॅडम, लेडीज लोक ब्रेक जास्त दाबतात.” पॅड घासून दिले, ३५० रुपये घेतले. त्या दिवशी कुणी लीव्हरचं झाकण उघडून आत पाहिलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

११ जानेवारीची फेरी मुळशीकडच्या एका माळावर होती. पहाटेचं धुकं, बोटं बधिर, आणि मोठ्या उताराला तासून काढल्यासारखी पायवाट. पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने कोरडा पडलेला मुरूम कसा असतो ते त्यावरून सायकल नेल्याशिवाय कळत नाही. गोट्या पसरलेल्या फरशीवर चालल्यासारखं वाटतं. तिथे सगळी भिस्त पुढच्या ब्रेकवर असते, एका बोटाने हलके हलके दाबायचा. वळणाआधी मी लीव्हर दाबली आणि ती थेट हँडलला टेकली. पुन्हा दाबली, पुन्हा टेकली. मागचा ब्रेक धरल्यावर चाक नुसतं घसरलं. मी मुद्दाम करवंदीच्या जाळीत सायकल घातली, कारण दुसऱ्या बाजूला दगडी बांध होता. उजव्या कोपराला सहा टाके पडले. शर्यत तिथेच संपली. शेवटच्या फेरीच्या वेळी कोपराला पट्टी आणि सायकलला ब्रेक नव्हते, त्यामुळे माझ्या दोनच फेऱ्या धरल्या गेल्या आणि अंतिम यादीत माझं नावच नाही.

ऑईलचा उलगडा तुमच्याकडे झाला नाही. पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे झाला. त्यांनी लीव्हरचं झाकण उघडलं, कापसाचा बोळा आत बुडवला आणि माझ्यासमोर धरला. “ताई, हे लाल नाही.” शिमानोचं मिनरल ऑईल लालसर असतं, बोळा पिवळट होता. मग त्यांनी फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, डाव्या पायावरचा रंग दाखवला. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) खाली जिथे थेंब ओघळला होता तिथे रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटले होते. डॉट रंग खातं, मिनरल ऑईल खात नाही. कॅलिपर खोलल्यावर सील इतकं फुगलेलं निघालं की खाचेत परत बसेना.

१९ जानेवारीला मी तुमच्या सेंटरमध्ये जाऊन ब्रेक कुठल्या बाटलीतून भरता ते दाखवा म्हटलं. दाखवली. फळीवर एकच बाटली होती, डॉट ४ ची. तुमच्या मेकॅनिकबद्दल मला मुळीच राग नाही. तो विशीतला मुलगा आहे, आणि मुख्य कार्यालयातून जे येतं तेच वापरायचं असं त्याला सांगितलेलं आहे. ते त्याने मला खालमानेने सांगितलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी मात्र “ऑईल सगळं सारखंच” असं ठणकावलं. तूप आणि रॉकेल दोन्ही पातळच असतात.

तुमच्या हेल्पलाइनचं म्हणणं असं की सायकल टेकडीवरून पळवल्यामुळे हा ‘गैरवापर’ ठरतो. माउंटन बाइक टेकडीवर न्यायची नाही तर कुठे, भाजी आणायला? हा खेळ १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आणि तुमच्याच दुकानाच्या काचेवर एक माणूस सायकलसकट कड्यावरून हवेत उडाल्याचा पुरुषभर उंचीचा फोटो लावलेला आहे. तो कुठला वापर, तेही कळवावं.

माझी मागणी अशी. दोन्ही ब्रेक लीव्हरपासून कॅलिपरपर्यंत नवे बसवून द्यावेत; फक्त सीलं बदलून भागणार नाही, कारण नळीतही तेच ऑईल गेलं आहे. दोन्ही वेळचे मिळून २,७५० रुपये, टाक्यांचं बिल आणि न धावलेल्या फेरीचं ९०० रुपये प्रवेशशुल्क परत करावं. आणि ऑईल चुकीचं होतं हे तुमच्या लेटरहेडवर लेखी द्यावं. तुमच्या माणसाने तोंडी देऊ केलेलं ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पन्नास टक्के सूट’ मला नको आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करेन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही. त्यासाठीचे कागद लावून तयार आहेत.

पण एका गोष्टीसाठी १५ दिवस थांबू नका. ती बाटली माझ्या एकटीसाठी उघडलेली नव्हती. नोव्हेंबरपासून तुमच्याकडे ज्यांनी ज्यांनी मिनरल ऑईलचे ब्रेक भरून घेतले, त्यांचे फोन नंबर तुमच्या जॉब कार्डांवर आहेत. त्यांना आजच फोन करा आणि सायकल बाहेर काढू नका म्हणून सांगा. त्यातला एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे, नववीत आहे, दर रविवारी टेकडीवर येतो. त्याला मी सांगितलं आहे. बाकीच्यांची नावं माझ्याकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत.

आपली ग्राहक,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत : दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती, टाक्यांचं बिल, कापसाच्या बोळ्याचे व फोर्कवरच्या रंगाचे फोटो. फुगलेली सीलं डबीत जपून ठेवली आहेत. ती टपालाने पाठवणार नाही, पाहायची असतील तर माझ्याकडे यावं.