खोगीर आधी उलटं करून बघायचं

कॅन्सास, अमेरिका

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, जुन्या लष्करी खोगिराची किंमत तुम्ही लोक ठरवता तरी कशी? तेव्हा घाईत होते, म्हणून आता नीट लिहिते. आमच्या लिलावघरात सध्या घोडदळाचीच खोगिरं येत आहेत, त्यामुळे डोक्यातही दिवसभर तीच असतात.

इथे दहातली बहुतेक खोगिरं एकाच घराण्यातली निघतात, मॅक्लेलन. जॉर्ज मॅक्लेलन हा लष्करी अधिकारी १८५५-५६ मध्ये क्रिमियाचं युद्ध आणि युरोपातली सैन्यं पाहायला गेला होता. परत आल्यावर त्याने एक खोगीर सुचवलं, आणि १८५९ मध्ये अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं. पुढे नमुने बदलत गेले, पण मूळ घडण घोडदळ मोडेपर्यंत टिकली. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कच्चं कातडं आणि बैठकीच्या मधोमध लांबट फट. त्या फटीमुळे घोड्याच्या कण्यावर भार येत नाही आणि पाठीला वारा लागतो. लोक येताना ‘आमच्याकडे यादवी युद्धातलं खोगीर आहे’ असं सांगत येतात. खोगीर मात्र बहुतेक वेळा १९०४च्या नमुन्याचं असतं.

हे ओळखायला फार वेळ लागत नाही. यादवी युद्धाच्या, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण राज्यांच्या लढाईच्या काळात (१८६१-६५) बैठकीवरचं कच्चं कातडं उघडंच असे. ते वाळलं की शिवणीपाशी तडकायचं आणि स्वाराच्या मांड्या सोलून निघायच्या. म्हणून युद्धानंतर त्यावर काळं कमावलेलं चामडं चढवायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काळा रंग गेला आणि तांबूस तपकिरी आला. त्यामुळे मूळचं तपकिरी चामडं चढवलेलं खोगीर कोणी १८६३चं म्हणून पुढे केलं, तर तिथेच थांबायचं. १९०४चा नमुना पहिल्या महायुद्धासाठी प्रचंड संख्येने बनला, आणि नंतर सरकारने उरलेला माल स्वस्तात विकून टाकला. म्हणून तो आजही सहज मिळतो आणि भावही बेताचाच येतो. हे ऐकून घरच्यांचे चेहरे उतरतात. मला वाईट वाटतं, पण खरं तेच सांगावं लागतं.

या आठवड्यात आलेलं एक खोगीर मात्र वेगळं आहे. मी कुठलंही खोगीर आलं की आधी उलटं करते, कारण वरची बाजू कोणीही चमकवतो, खालची सहसा कोणी बघत नाही. याच्या पोटाशी कच्चं कातडं जुन्या मेणबत्तीसारखं पिवळट, अर्धपारदर्शक झालंय. शिवण हाताची आहे, टाके थोडे पुढेमागे, दोरा तागाचा. स्क्रूंच्या डोक्यांवर एकच सरळ खाच, आणि त्यांच्याभोवतीचा गंज लाकडात मुरलेला. फुलीची खाच दिसली असती तर तो स्क्रू नक्कीच नंतरचा, कारण तसे स्क्रू १९३०च्या दशकात आले. दोरा नायलॉनचा निघाला तरी तेच. पुढच्या उंचवट्यावर ढालीच्या आकाराची छोटी पितळी पट्टी आहे, तिच्यावर बैठकीचं माप, साडेअकरा इंच. अकरा, साडेअकरा आणि बारा अशी तीन मापं असत. पट्टीच्या कडेने पितळ काळवंडलंय, आणि ती काळी रेघ खालच्या कातड्यावरही उतरली आहे. पट्टी कालपरवा ठोकली असती तर ती रेघ आली नसती. हे बघताना मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे!

एक गुंता इथे लक्षात ठेवावा लागतो. युद्धातून उरलेली बरीच खोगिरं १८७०च्या दशकात सरकारी शस्त्रागारांनीच नव्या नमुन्याप्रमाणे बदलून घेतली. सांगाडा जुना, चामडं आणि कड्या नंतरच्या. त्याला बनावट म्हणणं अन्यायाचं आहे, तो त्या खोगिराचा खरा प्रवास आहे.

बनावट माल सगळ्यात जास्त दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैन्याच्या नावावर खपवला जातो. त्यांच्याकडे आधी जेनिफर नावाचं खोगीर होतं. उपासमारीने घोडे रोडावले तसं ते पाठीला घासून जखमा करू लागलं, मग त्यांनी मॅक्लेलनची नक्कल केली. चामड्याचा तुटवडा इतका, की काही ठिकाणी रंग दिलेलं कापड वापरलं. अशी खोगिरं फार थोडी उरली, म्हणून त्यांना मोल आणि म्हणूनच लबाडी. साध्या मॅक्लेलनवर CS (कॉन्फेडरेट स्टेट्स) ही दोन अक्षरं ठोकली की झालं! शिक्क्याच्या खाचेत चामड्याचा रंग ताजा, फिकट दिसला तर मी ते बाजूला ठेवते.

ब्रिटिश खोगिरं क्वचित येतात. त्यांचं काम सोपं. सरकारी बाणाचं चिन्ह, बनवणाऱ्याचं नाव, अनेकदा सालही. दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर सरकारने ते विकून टाकलेलं. १९१२च्या नमुन्यात बाजूच्या फळ्या हलत्या ठेवल्या होत्या, मोहिमेवर घोडा वाळला तरी खोगीर पाठीवर नीट बसावं म्हणून. मला ती कल्पना फार आवडते. घोड्याचा इतका विचार केलेला आहे तिच्यात.

आता भावाचं. रिकिबी, त्यांच्यावरची चामड्याची झाकणं, तंग, वळकटी बांधायचे पट्टे, झोळ्या हे सगळं त्याच काळाचं आणि त्याच खोगिराबरोबर राहिलेलं असेल तर किंमत चढते. इकडून तिकडून जमवलेलं असेल तर उतरते. ‘पणजोबा कस्टरच्या (घोडदळाचा नावाजलेला अमेरिकी सेनानी) पलटणीत होते’ एवढ्याने भागत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांच्या नोकरीचे, पेन्शनचे कागद सापडतात, पण त्यातून माणूस सिद्ध होतो, खोगीर नाही. जुना फोटो, त्याच काळचं पत्र, चामड्यावर कोरलेला पलटणीचा क्रमांक, असं काही जोडीला लागतं.

आणि सगळ्यात जास्त जीव जळतो तो तेलाने. लोक लिलावाआधी प्रेमाने खोगिराला तेल चोपडतात. चामडं काळं पडतं, टाके कुजतात, शिक्के बुजतात, आणि किंमत खाली येते. चामड्याला बोट लावल्यावर लाल भुकटी आली तर ते आतून विरलेलं असतं. ते पूर्ववत होत नाही, फार तर तज्ज्ञाकडून आहे तसं धरून ठेवता येतं. मऊ ब्रशने धूळ झटकायची, अंगाखाली आधार देऊन कोरड्या, सावलीच्या जागी ठेवायचं, बस्स.

साडेअकरा इंचीवाल्याचे फोटो सोबत पाठवते आहे. तिसऱ्या फोटोत मागच्या उंचवट्याखालची शिवण दिसते, तिथे एक टाका मला दुरुस्तीचा वाटतो. तुमचा डोळा बारीक आहे, भिंग घेऊन बघा आणि रविवारी फोनवर सांगा. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी