पावती आहे, पक्कं बिल नाही

माननीय मंत्री महोदय,
भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर तहसिलीतला शेतकरी. पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि काळ्या मातीत रुतले, ते अजून निघायचेत. आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलोय.

गेल्या मंगळवारी नातीला आणायला गावच्या शाळेत गेलो. स्वयंपाकाच्या खोलीबाहेर बटाट्याची गोणी उभी होती. तोंडाला लाल दोरा, तिरपे टाके, शेवटी दुहेरी गाठ. ती शिलाई माझ्या सुनेची. आठवड्यापूर्वी हीच गोणी मी इंदूरच्या मंडीत 7 रुपये किलोनं टाकून आलो होतो. शाळेच्या वहीत तिचा भाव लिहिला होता 24. माझ्याच शेतातले बटाटे जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर हिंडून आमच्याच नातीच्या ताटात आले, आणि वाटेत महाग झाले. आम्ही इंदूरला गेलो की स्वस्त होऊन परत येतो.

शाळेचं जेवण रांधणाऱ्या बचतगटाच्या, म्हणजे समूहाच्या, ताईला विचारलं. ती बिचारी पदराला हात पुसत म्हणाली, "दाजी, मी काय करू? व्यापाऱ्याकडे पक्कं बिल आहे."

आता मागचं सांगतो. वर्षभरापूर्वी गावात कार्यक्रम झाला. एका साहेबांनी मंचावरून शब्द दिला की शाळेची भाजी यापुढे गावच्या शेतकऱ्याकडूनच घेऊ. मला शाल दिली, श्रीफळ दिलं. हिवाळ्यात मी दोन शाळांना भाजी घातली. दोन्हीकडची मिळून प्राथमिकची 186 पोरं, डोई 50 ग्रॅम, म्हणजे रोजची 9 किलो 300 ग्रॅम. पालक, दुधी, बटाटा, सरसकट 15 रुपये किलो. 44 दिवसांचे 6,138 रुपये झाले. पालक पहाटे अंधारात खुडायचो, शाळेत पोचेपर्यंत पानांवर दव असायचं. मग तपासणीवाले आले. नातीच्या वहीच्या पानावर लिहिलेली माझी बिलं त्यांनी दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी, आणि म्हणाले, "कागज दिखाओ."

मी पावती काढली. जमिनीच्या हक्काची आणि कर्जाची नोंद असते त्या ऋणपुस्तिकेला आमच्या माळव्यात पावतीच म्हणतात, आपल्याला माहीत असेलच, आपणही शेतकऱ्याचेच पुत्र असता निवडणुकीत. तपासणीचे साहेब हसले. "ये नहीं, जीएसटी वाला पक्का बिल."

मंत्रीजी, ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. स्वतःच्या शेतात पिकवलेलं विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीही लागत नाही. 2017 च्या कायद्याचं कलम 23 आहे, पोरानं फोनवर काढून दाखवलं. म्हणजे जो कागद तुमच्याच सरकारच्या कायद्यानं मला लागतच नाही, तोच कागद नाही म्हणून माझे पैसे अडकले. आणि ज्यानं जन्मात कुदळ धरली नाही, त्याचं बिल पक्कं. बटाटा कच्चा, बिल पक्कं, जेवा!

2021 साली माध्यान्ह भोजनाचं नाव बदलून पीएम पोषण केलंत. तेव्हाच लिहिलंत की स्थानिक पिकं वापरायला आणि शेतकरी उत्पादक संघटनांना सामील करून घ्यायला उत्तेजन देऊ. उत्तेजन म्हणजे काय, ते एकदा समजावून सांगा. मे 2025 पासून प्राथमिकच्या पोरामागे तुम्ही 6 रुपये 78 पैसे देता. डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण सगळं त्यात. इंदूरच्या राजवाड्यावर तेवढ्यात कट चहा येत नाही. त्यातूनही बिलवाल्याचं पोट भरायचं, मग रश्शात बटाटा शोधायला पोरांना टॉर्च लागणारच.

ब्राझीलच्या सोयाबीनचं नाव काढून आढतिया दरवर्षी आमचा भाव पाडतो. त्या ब्राझीलनं 2009 मध्ये कायदा केला: शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातल्या किमान 30 टक्क्यांचा (2026 पासून 45) माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडून घ्यायचा, निविदा न काढताही चालेल. तिकडचं सोयाबीन आमच्या गळ्याशी येतं, कायदा मात्र समुद्रातच बुडतो.

आम्ही भाव मागितला की तुम्हाला आंदोलन दिसतं. 2017 मध्ये मंदसौरला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, त्यांना कुणी पक्कं बिल विचारलं नव्हतं. लसूण नाल्यात फेकायची वेळ येते, आणि पलीकडे शाळेत पोरं डाळीच्या नावाखाली पिवळं पाणी पितात. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं, कचऱ्याचे डबे वेगवेगळे आहेत. आमचा डबा कुठला?

असो, भरकटलो. तीन हिवाळ्यांपासून गुडघा दुखतो, त्याचाही राग यात उतरला असेल.

मागणं एवढंच आहे. शेतकऱ्यानं हातानं लिहिलेली बिलं, सोबत पावतीची नक्कल आणि सरपंचाची सही, एवढ्यावर समूहाला भाजी घेऊ द्या. तसं एका ओळीत लेखी कळवा. मंचावरचं नको, शाल आहे माझ्याकडे. आणि माझे 6,138 रुपये द्या.

आपला,
सांवेर तहसिलीतला एक कच्चा शेतकरी

ता. क. ती गोणी परत हवी. चाळीस रुपयांची आहे, दोरा वेगळा. तिचंही बिल माझ्याकडे नाही.