सिरॅमिकच्या घड्याळाला बफ मारू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत एका वाचकभगिनीनं विचारलं होतं की, काळ्या सिरॅमिकच्या महागड्या घड्याळावर करड्या रेघा उमटल्या आहेत, त्या कशा घालवाव्यात? 'जवळच्या घड्याळजीकडून बफ मारून घ्या', म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकावर घासून चकाकी आणून घ्या, असं उत्तर त्याखाली छापलं होतं. जवळचा घड्याळजी म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. दादरला स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत माझं दुकान आहे, वडिलांपासूनचं. त्यांची हयात एचएमटीची घड्याळं उघडण्यात गेली. माझ्या टेबलावर आता स्विस घड्याळं जास्त येतात आणि त्यात सिरॅमिकची बरीच असतात. दुकानात बफाची मोटर आहे, पण सिरॅमिकची केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, मी तिच्यावर धरत नाही. बाकीच्यांनीही धरू नये असं मला वाटतं.

ताईंचं घड्याळ मी पाहिलेलं नाही. तरी रेघा 'करड्या' आहेत म्हटल्यावर माझा पहिला संशय असा की ते ओरखडे नाहीतच. सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना ओढतो तेव्हा पिवळी रेघ उठते, पण म्हणून दगडाला चरा पडला असं कुणी म्हणत नाही. दगड कठीण आणि सोनं मऊ, त्यामुळे सोन्याचाच थोडा अंश दगडावर राहतो. काळ्या सिरॅमिकवर नेमकं हेच होतं. घड्याळांचं सिरॅमिक म्हणजे मुख्यतः झिर्कोनियम ऑक्साइड. व्हिकर्स मापानं त्याची कठीणता १२५०च्या आसपास भरते, तर घड्याळात वापरतात त्या स्टीलची २००च्या आसपास. लोकलच्या दारातला स्टीलचा खांब, लॅपटॉपची ॲल्युमिनियमची कड, गाडीची किल्ली यांतलं काहीही त्या केसवर घासलं तरी झिजतं ते खांबाचं किंवा किल्लीचं अंग. केसवर फक्त त्यांची पूड चिकटून राहते. पांढऱ्या सिरॅमिकवर ती जास्त उठून दिसते. बावीस कॅरटच्या बांगडीशेजारी पांढरं घड्याळ घालणाऱ्या बायकांच्या केसवर मी पिवळसर रेघाही पाहिल्या आहेत.

ओळखायचं कसं? आधी नखानं. रेघेवरून आडवं नख फिरवलं आणि ते अडकलं तर तो चरा. अडकलं नाही तरी निश्चिंत होऊ नका, बारीक चरा नखाला लागत नाही. मग आयग्लास. दहापट दाखवणारी साधी आयग्लासही पुरते. चिकटलेला धातू पृष्ठभागाच्या वर बसलेला दिसतो आणि घड्याळ उजेडात फिरवलं की एका कोनात चमकून जातो. खरा चरा खोल जातो, त्याच्या कडा खडबडीत असतात आणि कुठे कुठे बारीक टवका उडालेला दिसतो. चकचकीत केसवर हे ओळखायला मिनिटभर लागतं. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, केसवर वेळ लागतो, कारण धातू त्या खरखरीत अंगात जाऊन बसतो.

चिकटलेला धातू काढायला बहुतेक वेळा शाळकरी पोराचं पांढरं खोडरबर पुरतं. गंमत नाही करत. चावी (वेळ लावायचं बाजूचं बटण) आत दाबलेली आहे आणि घड्याळाचं पाणीरोधक सील शाबूत आहे याची खात्री करून आधी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं घड्याळ धुवा आणि नीट कोरडं करा. मग रेघेवर खोडरबर घासा, रेघ फिकी होत जाईल. शाई खोडायचं निळं, करकरीत रबर मात्र नको. त्यात घासकाम करणारी पूड असते आणि शेजारच्या स्टीलच्या भागाला ती लागते. रबरानंही गेलं नाही तर चकचकीत केसवर धातूचं पॉलिश मऊ कापडाला किंचित लावून फिरवता येतं, पण काचेच्या कडेला, बटणांना आणि बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, आकड्यांना आधी टेप लावायची. काही घड्याळांच्या बेझलवर आकडे खोदून त्यात सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा अतिपातळ थर दिलेला असतो. त्याच्याशी खेळायचं नाही. मॅट केस असेल तर साबण आणि रबर यांच्या पुढे घरी जाऊच नये.

टूथपेस्ट सगळे सुचवतात. सिरॅमिकला तिनं फारसं काही होत नाही, पण काचेवर बाहेरून चकाकी कमी करणारा थर असेल तर त्याचा ती सत्यानाश करते, शिवाय बटणांच्या फटीत वाळून बसते. एक गृहस्थ तर संडास साफ करायचं ॲसिड कापसावर घेऊन घासत बसले होते. रेघ गेली, हे त्यांनी मला अभिमानानं दाखवलं. सिरॅमिक ॲसिडला दाद देत नाही हे खरंच आहे. पण चेनच्या कड्यांमधल्या पिना आणि चावी स्टीलची होती. पिना गंजून गच्च झाल्या होत्या, पट्टा सोडवायला मला अर्धी दुपार लागली.

आता खरे ओरखडे. सिरॅमिकला चरा पडतच नाही, हा समज आपल्याकडे फार खोल गेलेला आहे आणि त्याला मी राडोला जबाबदार धरतो. दोष म्हणून नव्हे. आखातातून गावी येणाऱ्या कोकणातल्या माणसाच्या मनगटावर सोनेरी राडो असायचा, आणि 'याला आयुष्यात काही होत नाही' हे वाक्य घड्याळाबरोबरच घरात यायचं. राडोचं ते डायास्टार मॉडेल १९६२ सालचं. त्याची केस सिरॅमिकची नव्हती, टंगस्टन कार्बाइडच्या कठीण धातूची होती. सिरॅमिक राडोनं आणलं १९८६ साली, इंटिग्रल या घड्याळाच्या चेनमध्ये. त्याच वर्षी आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीनं आपल्या दा विंची घड्याळाची केस सिरॅमिकची केली. फॅशन म्हणून ते गाजलं मात्र शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जे१२ घड्याळामुळे, २००० साली काळं आणि २००३ साली पांढरं. म्हणजे आजोबांच्या डायास्टारचा लौकिक नातीच्या पांढऱ्या सिरॅमिकला आपोआप चिकटला. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक हमखास आजोबांच्या घड्याळाचा दाखला देतं.

सिरॅमिकपेक्षा कठीण वस्तू आपल्या आजूबाजूला आहेत. घड्याळाची नीलमणी काच २०००च्या घरात असते, त्यामुळे दोन घड्याळं एकाच खणात मोकळी टाकली की एकाची काच दुसऱ्याच्या केसला घासते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातले इंजिनियर ग्राइंडिंग व्हीलची धूळ मनगटावर घेऊन हिंडतात. ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते, दोन्ही सिरॅमिकला भारी. पण माझ्याकडे येणाऱ्या खऱ्या ओरखड्यांचं सगळ्यात मोठं कारण हिरे. हिऱ्याची कठीणता त्याच मापानं १०,०००च्या आसपास. लग्नसराईत हिऱ्यांची बांगडी आणि सिरॅमिकचं घड्याळ एकाच हातात घालतात, आणि रिसेप्शन संपेपर्यंत नऊ वाजण्याच्या बाजूला, म्हणजे डाव्या कडेला, बारीक जाळी विणलेली असते. ती कशानंही जात नाही. घड्याळ एका हातात आणि बांगडी दुसऱ्या हातात घाला, एवढं मी प्रत्येकीला सांगतो. किती जणी ऐकतात ते सोडा.

ही जाळी जात का नाही आणि बफ का नको, याचं उत्तर केस घडवण्याच्या पद्धतीत आहे. बारीक पूड आणि बाइंडर (ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ) यांचं मिश्रण साच्यात दाबून आकार देतात आणि १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजतात. भाजताना तो आकार साधारण पाव भागानं आक्रसतो, म्हणून साचा आधीच तेवढा मोठा धरावा लागतो. भाजून झालं की पुढचं घासकाम हिऱ्याच्या अवजारांनी होतं. स्टीलच्या केसला खोक पडली तर लेझरनं धातू भरता येतो, घासून कड पुन्हा काढता येते. सिरॅमिकमध्ये भर घालता येत नाही. घासायचं तर हिऱ्याची पेस्ट लागते, आणि ती सफाई हातात नसेल तर धारदार कडा गोल होतात आणि चकचकीत व मॅट यांची हद्द पुसली जाते. मॅट केसचं तर नावच काढू नका. आणि आमच्या दुकानातला कापडी बफ? त्यावर कालचं स्टील बसलेलं असतं, ते केसला लागून रेघा वाढतात. शिवाय झिर्कोनियम ऑक्साइडवर उष्णता पटकन पसरत नाही, एका जागी साठते, आणि आतली रबरी सीलं तापतात. केस आधीच कुठे आतून तडकलेली असेल तर मग काय होईल ते मला माझ्या दुकानात पाहायचं नाही.

म्हणून खऱ्या चऱ्यावर माझा सल्ला असा: बारीक असेल तर तसाच वापरा. टवका उडाला असेल किंवा तडा दिसत असेल तर ताबडतोब कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, कारण पाणी आत शिरायला वाट झालेली असू शकते. तिथे बहुधा केस बदलण्याचाच प्रस्ताव येतो. घरातल्या व्हिट्रिफाइड लादीवर घड्याळ पडलं की नेमकं हे होतं. कठीण आहे म्हणजे चिवट आहे असं नाही. स्टील दबतं, सिरॅमिक तुटतं.

आणखी एक खबरदारी. प्रत्येक काळी केस सिरॅमिकची नसते. स्टीलवर काळा थर दिलेली घड्याळं पुष्कळ आहेत. त्यांच्यावर ओरखड्यातून खालचं पांढरं स्टील दिसतं, तिथे खोडरबराचा उपयोग नाही आणि बफ मारला तर उरलेला थरही जातो. शंका असेल तर मागच्या झाकणावर किंवा बिलावर काय लिहिलं आहे ते पाहा.

माझी तक्रार आहे ती दुकानातल्या काउंटरवरची. विक्रेता खिशातली किल्ली काढून केसवर घासून दाखवतो, रेघ अंगठ्यानं पुसतो आणि गिऱ्हाईक भारावतं. किल्लीनं काही होणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं. शेजारी हिऱ्याची अंगठी असते, तिचं नाव तो काढत नाही. ओरखडे आणि पडझड सहसा हमीत बसत नाहीत, हेही लाखालाखांच्या घड्याळाबरोबर मोठ्या अक्षरात सांगत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पण तिथवर जाण्याची वेळ येऊ नये म्हणून घेतानाच विचारा: नुसती केस बदलायची तर आज काय खर्च येईल, ती इथे मिळते की स्वित्झर्लंडहून मागवावी लागते, आणि हे मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं ती मिळत राहील? उत्तर तोंडी घेऊ नका, बिलावर किंवा ईमेलवर लिहून घ्या.

आपला,
एक घड्याळजी, दादर (पश्चिम), मुंबई
(नाव व पत्ता फक्त संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)