यादीच्या पाठीमागे अर्थ लिहून देणाऱ्या वायरमनदादांस

दादा, स.न.वि.वि.

घराच्या वायरिंगचं सामान घ्यायला येणारी बरीच मंडळी 'ब्रेकर चांगल्यातले द्या, बोर्ड पांढरे द्या' एवढ्यावरच थांबतात. तुमची यादी घेऊन आलेलं गिऱ्हाईक मात्र 'एमसीबी, एसपी, सी १६, १० केए, ४ नग' असं घडाघडा वाचतं आणि तेच एमसीबीवर छापलंय का तेही बघतं. (एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा, छोटा ब्रेकर; एसपी म्हणजे सिंगल पोल, एकच तार तोडणारा.) यादीच्या पाठीमागे तुम्ही या अक्षरांचे अर्थ लिहून देता, त्याबद्दल काउंटरच्या आतल्या बाजूने तुमचे आभार. घर बांधणाऱ्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून पत्र उघडच लिहितो आहोत.

'सी १६' मधला १६ हा आकडा सगळ्यांना कळतो, सी कुणी विचारत नाही. एमसीबी १६ अ‍ॅम्पियरचाच असला तरी बी प्रकारचा तीन ते पाच पट प्रवाहाला झटक्यात पडतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला. फ्रिज, पंप, एसी सुरू होताना क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढतात. तिथे बी लावला की काही बिघाड नसताना घर अंधारात जातं आणि दोष एमसीबीच्या कंपनीला लागतो. चौकटीत छापलेले १०००० म्हणजेच १० केए, दहा हजार अ‍ॅम्पियर. शॉर्ट झाल्यावर एवढा प्रवाह तो स्वतः न फुटता तोडू शकतो, असा त्याचा अर्थ. हा आकडा बघून 'दहा हजारवाला म्हणजे सगळा लोड घेईल' असं समजणारे कमी नाहीत.

खरं मोल आहे ते 'एमसीबी वायरसाठी, आरसीसीबी माणसासाठी' या तुमच्या ओळीचं. आरसीसीबी म्हणजे प्रवाह माणसातून किंवा जमिनीत गळू लागला की पडणारा ब्रेकर. माणसाला ३० मिलिअ‍ॅम्पियरही घातक ठरू शकतात. १६ अ‍ॅम्पियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून यादीत 'आरसीसीबी, डीपी, ४० अ‍ॅ., ३० एमए' असं पूर्ण लिहिलेलं असतं; डीपी म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एमए म्हणजे मिलिअ‍ॅम्पियर. एमए लिहिला नाही तर १०० किंवा ३०० एमएचा हातात पडू शकतो, आणि तो गळतीतून लागणाऱ्या आगीसाठी असतो. उलट, यातले ४० अ‍ॅम्पियर ही नुसती पेलण्याची मर्यादा आहे. जास्त लोड आला तरी आरसीसीबी पडत नाही, ते काम एमसीबीचंच. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ. जुनी माणसं आरसीसीबीलाच ईएलसीबी म्हणतात, त्यावरून काउंटरवर वाद नको.

आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा, हेही तुम्ही लिहिता. त्यात आमची एक भर: बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नव्हे. अर्थिंग नसलेल्या घरातही तो पडतो. इन्व्हर्टर बसवल्यावर आरसीसीबी सारखा पडू लागला की लोक तो बदलायला आणतात. बहुतेक वेळा इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या न्यूट्रलशी जोडलेला निघतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह जुळत नाही, मग तो पडणारच.

'सोळाचा सारखा पडतो, बत्तीसचा द्या' ही मागणी आम्हाला सर्वांत नकोशी. तुमच्या यादीत प्रत्येक एमसीबीसमोर वायरही असते, चौरस मिलिमीटरमध्ये: ६ ला दीडची, १६ ला अडीचची, एसीच्या २० ला चारची. त्यामुळे अडीचच्या वायरवर ३२ टाकला तर एमसीबी पडण्याआधी वायरचं कव्हर वितळेल, हे वेगळं सांगावं लागत नाही. अर्थची हिरवी वायरही तुम्ही फेजइतक्याच जाडीची लिहिता. पैसे वाचवायला लोक पहिली कात्री तिथेच लावतात.

आयसोलेटर आणि एमसीबी शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. आयसोलेटरवर बी किंवा सी नसतो, तो नुसता स्विच. डीबीचं, म्हणजे हे सगळं बसवायच्या पेटीचं, मात्र सगळ्यांचंच चुकतं. एसपीएन, म्हणजे सिंगल फेजच्या, डीबीवर '२+८' असेल तर मेनसाठी दोन खण आणि पुढे आठ. आयसोलेटर ठेवून आरसीसीबी वेगळा लावला की आणखी दोन गेले, उरले सहा. टीपीएनमध्ये, म्हणजे थ्री फेजच्या पेटीत, '४ वे' म्हणजे प्रत्येक फेजला चार, एकूण बारा एसपी. चारच बसतील असं समजून मोठी पेटी परत करणारे भेटतात.

एक विनंती आहे. स्विच-सॉकेट बसवायच्या मॉड्युलर प्लेटच्या 'एम'लाही पाठीमागे दोन ओळी द्या. ८ एम म्हणजे आठ खण. साधा स्विच एक खण घेतो, सॉकेट ६ चं असो वा १६ चं, दोन. म्हणजे सहा स्विच आणि एक सॉकेट झालं की प्लेट भरली. लोक आठ स्विच आणि वर दोन सॉकेट घेऊन जातात आणि संध्याकाळी उरलेलं परत आणतात.

कळावे,
इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानातली मंडळी