लासलगावकडच्या काकांना, कालव्यावरून

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

पत्र मुद्दामच चारचौघांत लिहिते आहे. समोर आभार मानले, की तुम्ही "अगं, त्यात काय!" म्हणून विषय इंजिनाच्या तेलावर नेता.

इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कालव्यावर बोटीतच घर करून आम्ही नवखे असताना लॉकच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या बंद टप्प्याच्या, दाराचा दांडा पाठ लावून कसा रेटायचा, शेगडीतला कोळसा सकाळपर्यंत कसा तगवायचा, हे तुम्हीच शिकवलंत. पण माझे खरे आभार बोटीच्या छतावरच्या डॅफोडिलबद्दल आहेत, कंदातून उगवणाऱ्या त्या फुलाबद्दल.

अठराव्या शतकात कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडलीनं मिडलँड्समधले, म्हणजे मध्य इंग्लंडमधले, लॉक जेमतेम सात फूट रुंद बांधले, म्हणून नॅरोबोटी, म्हणजे आमच्या या लांबट बोटी, आजही तेवढ्याच अरुंद. इथल्या जलमार्गांच्या १९९५च्या कायद्यामुळे, बोट बांधायला कायमची जागा नसेल तर सहसा १४ दिवसांत दोर सोडून पुढे सरकायचं. अशा घराला बाग म्हणजे छतावरच्या कुंड्या. त्यातही पूल इतके बुटके, की उंच फुलं तिथेच झोडपली जायची. तुम्ही 'टेट-आ-टेट' ही वीतभर जात सुचवलीत आणि कुंड्या धुराड्यापासून लांब सरकवल्यात. थंडीनं कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले की शेतकरी हळहळतो, पण इथे आपल्याला फूलच हवंय, थंडी खाऊ दे, म्हणालात. डॅफोडिलची कळी आदल्या उन्हाळ्यातच कंदात धरलेली असते. दांडा नीट वर यायला मात्र काही आठवडे गारठा लागतोच.

फुलं सुकल्यावर इथे बरेच जण पात दुमडून रबर लावतात. नीटनेटकं दिसतं खरं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मान पडायच्या आधी कांदा कुणी काढतं का?" (मान पडते, म्हणजे कांदा तयार झाला की पात आपसूक आडवी होते.) सुकलेलं फूल खुडायचं, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. पात मात्र निदान सहा आठवडे उन्हात राहू द्यायची. ती जे अन्न करते ते खाली कंदाच्या पाकळ्यांत साठतं, त्यावर पुढच्या वर्षीची कळी पोसते आणि बुडख्याशी बगलेतले कोंब फुगतात. मग तुमच्या भाषेत जोडकांदा! पिल्लं मोठी होऊन सुटी होतात आणि एक-दोन वर्षांत स्वतः फुलतात. बी पेरलं असतं तर चार-पाच वर्षं वाट पाहावी लागली असती. फार दाटी झाली की नुसती पात येते, हेही तुम्हीच आधी सांगून ठेवलंत.

ट्यूलिपची हौस मला अजून आहे. तुम्हाला ती पटत नाही, कारण तिथे जुना कंद दरवर्षी संपतो आणि मागे राहिलेली पिल्लं बहुतेकदा एका पानापलीकडे जात नाहीत. असू दे, ते लाल रंग मी सोडणार नाही.

आणि हो, कंदांच्या त्या पिशवीवर खडूनं 'विष' लिहिलंत, त्याबद्दल वेगळे आभार. आमच्या स्वयंपाकघरात हात लांब केला की कांदे, नाही केला तरी कांदे. डॅफोडिलचा कंद चुकून फोडणीत पडला असता तर उलट्यांनी हैराण झालो असतो.

जूनअखेर पात वाळली की कुंड्या उपसणार आहोत. तेव्हा बोट कुठल्या पुलापाशी असेल ते कळवा, निम्मे कंद तुमचे. चहा आमच्याकडे, भाकरी तुमच्याकडे.

तुमची,
मागच्या बोटीवरची