बातमी कॅलिफोर्नियाची, फोटो आमच्या चिंबोरीचा!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'खेकडे खाताय? सावधान!' हे जे काही छापलंत त्यामुळे आमच्या घरी सहा चिंबोऱ्यांचं कालवण पातेल्यात तसंच राहिलं, म्हणून हे पत्र. एरवी मी पत्रं लिहिणाऱ्यातला नाही.

आमचे व्याही-विहीणबाई नाशिकहून पहिल्यांदाच रेवदंड्याला आले होते. अमावस्या नुकतीच झालेली, म्हणजे चिंबोऱ्या भरलेल्या मिळणार, म्हणून मी पहाटेच खाडीवर जाऊन सहा जिवंत, चांगल्या वजनदार बघून आणल्या. भाव विचारू नका. हिने सकाळपासून खपून वाटण केलं, बारीक पाय कुटून रस काढला, आणि पानं घेतली तेवढ्यात विहीणबाईंच्या मोबाईलवर कोणीतरी तुमच्या पानाचा फोटो धाडला. त्यात ही जाड नांगीची, काळपट हिरवी, अगदी आमच्या पातेल्यातलीच म्हणावी अशी चिंबोरी आणि खाली ठळक अक्षरात 'पोटात काटेरी किडे'. झालं. व्याही वरणभातावर उठले, विहीणबाईंनी तेवढाही खाल्ला नाही, आणि आमची ही अजून माझ्याशी बोलत नाहीये, जसा काही लेख मीच लिहिला.

आता तुमच्या लेखाबद्दल. कॅलिफोर्निया हा शब्द सातव्या परिच्छेदात येतो हो! तिथपर्यंत कोण वाचतो? तुमच्या बातमीतला तो किडेवाला खेकडा म्हणजे तिथला 'सँड क्रॅब', अंगठ्याच्या पेराएवढा, त्याला धड नांगीसुद्धा नसते. मी हे ऐकीव सांगत नाही. मुलगी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला असते, तिच्याकडे गेल्या वर्षी चार महिने होतो. नातीच्या शाळेची पोरं 'लिम्पेट्स' नावाच्या उपक्रमात किनाऱ्यावर खेकडे मोजायला जातात, मी पँट दुमडून त्यांच्या मागे. लाट मागे सरली की ते खेकडे वाळूत उलटे, म्हणजे पार्श्वभाग पुढे करून घुसतात आणि पिसासारख्या मिशा बाहेर काढून पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातात. पोरं पाइपाने वाळू काढतात, जाळीच्या पिशवीत चाळतात, प्रत्येक खेकडा मापतात, आणि काही खेकडे नंतर कापून आत कृमी, म्हणजे तुमचे ते काटेरी किडे, किती तेही मोजतात. नातीने मला एक दाखवला, पांढुरका, तांदळाच्या कणीसारखा. मला वाटलं अंडंच आहे.

पक्ष्याच्या शिटेतून कृमीची अंडी पाण्यात येतात, खेकडा ती गाळताना गिळतो, त्याच्या अंगात अळी वाढते, मग तो खेकडा सीगल किंवा सर्फ स्कोटर नावाचं काळं समुद्री बदक खातं आणि कृमी त्याच्या आतड्यात काटेरी सोंड रोवून बसतो. त्याला स्वतःला तोंड नाही, पोट नाही, सगळं अंगानेच शोषून घेतो. (असे लोक आमच्या सोसायटीतही आहेत, असो.) या सगळ्यात कालवण खाणारा माणूस कुठे आला? तो सँड क्रॅब तिथले लोक गळाला आमिष म्हणून लावतात. आणि रटारटा उकळलेल्या रश्श्यात कुठला कृमी जिवंत राहतो?

खरा फटका बसतो तो सी ऑटरला, ज्याला तुमच्या भाषांतरकाराने 'ऊदमांजर' करून टाकलंय. अहो, ऊदमांजर आमच्या माळ्यावर रात्री धुडगूस घालतं, ते पॅसिफिकमध्ये काय पोहणार! पाणमांजर म्हणा. कॅलिफोर्नियात ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलीत. त्यातली लहान, अशक्त, चांगली शिकार न जमणारी किनाऱ्यालगत येऊन हे खेकडे खातात. पाणमांजराच्या पोटात हा कृमी वाढत नाही पण गप्पही बसत नाही, आतडं भोसकून बाहेर पडतो, पोटात पू होतो आणि जनावर मरतं. ही बातमी होती. तिला तुम्ही अडीच ओळी दिल्यात.

बरं, पक्षी मेले की दोष कृमीलाच द्यायचा हेही इतकं सरळ नाही. 1999-2000 च्या हिवाळ्यात हॉलंडच्या वाडेन समुद्रात आयडर बदकं हजारोंनी मेली. तीही खेकडे खातात आणि त्यांच्यातही याच कुळातला कृमी असतो, पण अभ्यासकांनी मुख्य कारण दिलं ते उपासमारीचं, शिंपले कमी पडले. उपाशी जीवाला कृमी जास्तच छळणार, ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा.

आणि घाबरवायचंच होतं तर डोमोइक अ‍ॅसिडबद्दल लिहायचंत. शेवाळातून खेकड्यात येणारं हे विष शिजवून जात नाही, त्याच्यापायी 2015 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातला डंजनेस नावाच्या खायच्या खेकड्यांचा सीझन थेट पुढच्या वर्षावर गेला. पण त्यात किडे नाहीत, मग फोटो कसला टाकणार.

सहापैकी चार चिंबोऱ्या मी काल रात्री आणि आज सकाळी मिळून संपवल्या. ठणठणीत आहे. खुलासा छापाल तेव्हा फोटोसकट आणि पहिल्या पानावर छापा, म्हणजे नाशिकपर्यंत पोचेल.

ता.क. आतल्या पानावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या त्या गेल्या दिवाळीपासून बंद केल्यात. त्या जागी आता राशिभविष्याची दुसरी चौकट असते. आमच्या खाडीवर राशी बघून जाळं टाकत नाहीत. दोन ओळींची जागा लागते, ती परत द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, रेवदंडा